चाखल्याशिवाय केलेल्या सह्या

दादा, काल तुझं तेरावं झालं. पानात तुझ्या आवडीचं सगळं होतं. चिंच-गुळाची आमटी, भोपळ्याचं भरीत, अळूवड्या, आणि या घरात फक्त तुलाच आवडणारी मेथीची पचडी. आमटी ढवळताना मीनावहिनींनी एकदा पळी ओठांपाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं आणि तशीच खाली ठेवली. तुझं पान वाढून होईपर्यंत घरात कुणी काही चाखलं नाही. नंतर आम्ही जेवायला बसलो तेव्हा कळलं की आमटी खारट झाली आहे. तू असतास तर म्हणाला असतास, 'पहिला मान पाहुण्याचा, म्हणजे पहिली शिक्षाही पाहुण्यालाच.' सगळ्यांनी भात जास्त घेतला आणि जेवण उरकलं.

तेरा दिवस लोक येत होते. ब्रह्मा घाटावरची आपली मराठी मंडळी, बाबांच्या वेदपाठशाळेतले जुने विद्यार्थी, तुझ्या हॉटेलांतले लोक, आणि रामनगरच्या त्या बायका, ज्या आत यायला संकोचत होत्या म्हणून पायरीवरच बसल्या. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. मी मान डोलवत होते, चहा देत होते. आणि दर वेळी कुणी म्हणालं, 'बहिणीचाही किती आधार असेल त्यांना, त्याच कामातल्या तुम्ही,' की मी ट्रे घेऊन आत जात होते.

आपल्या दोघांमध्ये जे आहे ते चाखण्यावरूनच सुरू झालं, आणि ते फार जुनं आहे. तू नऊ वर्षांचा होतास, मी सहाची. गौरी जेवणाच्या दिवशी आई सोवळ्यात स्वयंपाक करत होती आणि तू आमटीच्या पातेल्यात बोट घालून ते चोखलंस. आई ओरडली नाही. तिने पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि दुसरी डाळ शिजायला लावली. नैवेद्याला साडेतीन वाजले, बाबांचे विद्यार्थी ओसरीवर भुकेने पेंगत होते, आणि तू काही खाली मान घालून बसायला तयार नव्हतास. 'पण आई, अळणी झाली असती तर? देवाला काय अळणी वाढायचं?' आई म्हणाली, 'माझ्या नाकाला कळतं.' आणि तिला खरंच कळायचं. उकळीच्या वासावरून मीठ किती पडलंय ते ती सांगायची. तो दिवस मी विसरले असते, पण त्यानंतर तू आईच्या शेजारी बसून उकळीवर नाक धरायला शिकलास. पुढे दिल्ली-जयपूरच्या हॉटेलांत शेफ झालास, खिशात कायम तो स्टीलचा चमचा असायचा, तरी आधी वास घ्यायचास आणि मगच चमचा काढायचास. 'आईच्या नाकावर नोकरी टिकवली आणि चमच्यावर पगारवाढ मिळवली,' हे तुझं ठरलेलं वाक्य होतं.

तू ते सगळं सोडलंस तेव्हा मी किती बोलले तुला. लॉकडाऊनमध्ये इथल्या छावणीतल्या तुझ्या हॉटेलचं किचन जेवणाची पाकिटं करायला दिलं होतं. तू रोज मोठाल्या देगांमध्ये खिचडी करायचास. एका दुपारी तू गाडीबरोबर स्वतः गेलास आणि बघितलंस की राजघाटच्या पुलाखाली लोक पाकिटं उघडून, दोन घास खाऊन ती कुत्र्यांपुढे ठेवत होते. भुकेली माणसं. घाईत त्या दिवशी खिचडीत मीठच पडलं नव्हतं, आणि वाटणाऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं, कारण वाटणाऱ्यांपैकी एकानेही ती खाल्ली नव्हती. घरी येऊन तू आंघोळही न करता ओसरीवर बसलास आणि म्हणालास, 'वैजे, हॉटेलात एका प्लेटमध्ये मीठ कमी पडलं तर मी दारापर्यंत जाऊन माफी मागतो. इथे माफी मागायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. फुकट आहे ना.'

वर्षभरात तू राजीनामा दिलास आणि जिल्ह्याच्या त्या समितीचं काम धरलंस. शाळांतलं जेवण, रेशन, अंगणवाडीचा आहार, कुणाला काय पोचतं आणि जे पोचतं ते खाण्यासारखं असतं का. मी म्हणाले, 'शेफ होतास तेव्हा लोक तुझ्याबरोबर फोटो काढायचे. फायलीबरोबर कोण काढणार?' तू हसलास. वहिनी नाही हसल्या. नातेवाईक माझ्यापेक्षा पुढे गेले, म्हणाले की आचारी होता तो बरा होता, आता कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय. मी त्यांना गप्प केलं नाही, दादा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तू मात्र त्यात रमलास. रेशनच्या दुकानात, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं कोटेदाराकडे, विणकरांच्या घरच्या म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनला लागायचा नाही, बोटांच्या रेषाच झिजलेल्या. त्या चार चार वेळा रिकाम्या हाताने परत जायच्या. तू एका महिन्यात तीन वेळा त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहिलास, आणि अर्ज लिहून लिहून शेवटी त्यांच्यासाठी वेगळी वही सुरू करायला लावलीस. त्याच बायका परवा आपल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली की तू गहू उघडून वास घ्यायचास आणि किडका निघाला तर पोतं परत करायला लावायचास. आईचं नाक कुठवर पोचलं बघ.

आपलं भांडण व्हायचं ते शाळेच्या जेवणावरून. मी रामनगरच्या प्राथमिक शाळेची प्रधानाध्यापिका, म्हणजे जेवणाची जबाबदारी माझी. तुझं म्हणणं, मुलं जे टाकतात ते रोज मोजा, रसोइया बायकांना, म्हणजे स्वयंपाकिणींना, मीठ-मसाल्याची मापं द्या, भाजी तिथल्याच बाजारातून ताजी घ्या, आणि सगळ्यात आधी चाखा. मी म्हणायचे, 'पोटं भरतायत ना? सत्तर मुलं सांभाळून मी आणखी चवीचे चोचले कुठे पुरवू?' एकदा तू ताटावरून उठलास. 'चोचले? तुझ्या जिभेला चव आणि त्यांच्या जिभेला चोचले?' मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू गोदौलियाहून मलइयो घेऊन आलास, मातीच्या पुरव्यात भरलेला तो दुधाचा केशरी फेस, आणि म्हणालास, 'हे घे, चोचले.' मी खाल्लं. भांडण मिटलं नाही, फक्त पुढे ढकललं गेलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

आमच्या प्रत्येक शाळेत एक चखना रजिस्टर असतं. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांपैकी एकाने जेवण खाऊन बघायचं आणि कसं होतं ते लिहून सही करायची. गेली चार वर्षं त्या रजिस्टरात माझी सही आहे. रोजची. 'स्वाद उत्तम.' आणि दादा, त्या चार वर्षांत मी एकदाही ते जेवण खाल्लं नव्हतं.

पहिल्या दिवशी खरंच एकादशी होती. फूलमती, आमची रसोइया, वाटीत तहरी घेऊन आली, बटाटा-मटार घातलेला तो पिवळा भात, आणि मी म्हणाले, माझा उपास आहे, तू ठेव. दुसऱ्या दिवशी पित्त झालं होतं. तिसऱ्या दिवशी सोमवार निघाला. मग कारण सांगायची गरज राहिली नाही, तिने वाटी आणणं बंद केलं. पुढे पुढे मी सकाळीच सही करून टाकायचे, चूल पेटायच्या आधी. पित्त, उपास, घाई हे सगळं खोटं होतं. खरं एवढंच की फूलमती ज्या वस्तीतून येते तिथल्या हातचं आपल्या घरात कुणी खाल्लेलं नाही, आणि माझा हात पुढे जात नव्हता. मी सव्वीस जानेवारीला त्याच अंगणात समानतेवर भाषण करते. ठठेरी बाजारात उभी राहून कचौडी खाते, ती कुणी तळली हे मी जन्मात विचारलेलं नाही. इथे मात्र मला नाव माहीत होतं, वस्ती माहीत होती. मला याची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणजे आपण तशा नाही, अशी मी माझी समजूत काढायचे.

गेल्या हिवाळ्यात तुझी ती मोठी बैठक झाली. दोन वर्षं शाळाशाळांतून हिंडून तू जेवण सुधारण्याचा तो प्रस्ताव तयार केला होतास. मुलं किती अन्न टाकतात ते तू स्वतः बादल्यांपाशी उभं राहून पाहिलं होतंस. त्या संध्याकाळी तू घरी आलास, हातपाय धुतलेस आणि माझ्यासमोर मटार सोलायला बसलास. वहिनी आत होत्या.

'फाइल परत आली,' तू म्हणालास. 'म्हणे जेवणात काही खोट असल्याचा पुरावा नाही. एका शाळेचं रजिस्टर दाखवलं त्यांनी. तीन वर्षांत एकही तक्रार नाही.'

'कुठली शाळा?' मी विचारलं.

तू शेंगा सोलत राहिलास. मग अगदी सहज, वर न बघता म्हणालास, 'वैजे, तू चाखतेस ना?'

'चाखते की. रोज.'

'बरं,' तू म्हणालास.

एवढंच. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू परातीतले सोललेले दाणे हाताने सारखे केलेस आणि विचारलंस की उद्या वाटलेल्या मटारांचा निमोना करायचा का पोह्यांतला चूडा-मटर. मी म्हणाले चूडा-मटर. दुसऱ्या दिवशी तू तो केलास, नेहमीपेक्षा चांगला केलास, आणि पहिला चमचा माझ्यापुढे धरलास. 'मीठ बघ.' मी बघितलं. ठीक आहे म्हणाले. तेव्हाही मी बोलू शकले असते. त्यानंतर दहा महिने आपण एकाच घरात राहिलो, रोज सकाळी एकत्र चहा घेतला, आणि मी बोलले नाही. मनाशी म्हणायचे, त्याला काही माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचं रजिस्टर असेल.

तू गेल्यानंतर नवव्या दिवशी वहिनींनी तुझी कापडी पिशवी उघडली. त्या प्रस्तावाच्या फाइलच्या तळाशी झेरॉक्सची पानं निघाली. वहिनींनी ती मला दाखवली. 'वन्सं, हे तुमचं अक्षर ना?' स्वाद उत्तम, स्वाद उत्तम, स्वाद उत्तम. खाली माझी सही, शाळेचा शिक्का. तुझी सवय मला माहीत आहे, तू कुठलाही कागद लाल पेनने रंगवल्याशिवाय सोडायचा नाहीस. या पानांवर मात्र एक रेघसुद्धा नव्हती. मी म्हणाले, हो, माझंच आहे, शाळेचं काहीतरी असेल. वहिनींशीही खोटं बोलले. तुझी उत्तरक्रिया चालू असलेल्या घरात, दहाव्याच्या आदल्या दिवशी.

आज मी शाळेत गेले. बुधवार होता, म्हणजे तहरी आणि दूध. पूल ओलांडताना रिक्षात बसून मी ठरवत होते की आज चाखायचं, आणि माझी मलाच चीड येत होती की यासाठी तुला मरावं लागलं. मधल्या सुट्टीआधी मी किचनशेडमध्ये गेले. फूलमती मला तिथे बघून गडबडली, पदराने पाट पुसून म्हणाली, 'बइठीं, बहिनजी.' मी म्हणाले, मला थोडं वाढ. तिने फळीवरून एक थाळी काढली, कडेला टवका गेलेली, आणि ती वाढण्याआधी थांबली.

'ई भइयाजी क थाली हौ. एही में खात रहलन.'

'भइया? यहाँ कब आते थे?'

'जब आप मीटिंग में जात रहलीं. कहलन, बहिनजी से मत कहिहा.'

तू मला म्हणाला होतास की बहिणीच्या शाळेत तपासणीला येणं बरं दिसत नाही. तू तपासणीला येतच नव्हतास. तू जेवायला येत होतास, मुलांच्या पंगतीत बसून. माझ्या वाटणीचं तू खात होतास.

मी थाळी घेतली आणि पहिला घास तोंडात टाकला. तहरी अळणी होती, दादा. थोडीथोडकी नाही, चांगलीच अळणी. बाहेर मुलं थाळ्या घेऊन ओळीने बसत होती. मी फूलमतीला विचारलं, तू बघितलं नाहीस का मीठ. ती म्हणाली, नाही, मी चाखतच नाही. आणि मग तिने अगदी अभिमानाने त्याचं कारण सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात, तुझ्या त्या बैठकीनंतर, तू तिथे आला होतास. तिने तुला सरळ विचारलं होतं, 'भइया, बहिनजी हमरे हाथ क काहे नाहीं खातीं?' आणि तू हसून म्हणालास, 'हमारे घर में भगवान को भोग लगाए बिना कोई नहीं चखता. बहिनजी के लिए ये बच्चे ही भगवान हैं.'

फूलमती म्हणाली, 'ओही दिन से हमहूँ नाहीं चखीला. पहिले लइका लोग, तब हम.'

तू मला झाकलंस. जिच्यामुळे तुझी फाइल परत आली तिच्यावर तू आईचं सोवळं पांघरलंस, तेही असं की ज्या बाईचा मी अपमान करत होते तिलाच माझा आदर वाटावा. आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की स्वतः चाखणं सोडलं. पुलाखालच्या एका दिवसाच्या अळणी खिचडीसाठी तू नोकरी सोडलीस, आणि इथे माझ्यापायी दहा महिने माझी मुलं अळणी खात होती. तू नंतर आलास त्या दिवशीही मीठ कमी असेल, तुला पहिल्या घासाला कळलं असेल. तुला कोणी सांगितलं होतं इतकं चांगलं खोटं बोलायला? तू तिथेच म्हणाला असतास की माझी बहीण जात बघते, तर निदान तहरीत मीठ तरी राहिलं असतं. बघ, अजूनही तुलाच बोल लावतेय. तुझा दोष एवढाच की मी कधीतरी स्वतःहून सांगेन असं तुला वाटत राहिलं.

मी थाळी खाली ठेवली नाही. म्हणाले, 'फूलमती, भइया ने मेरी लाज रखने के लिए झूठ कहा था. भोग की बात नहीं थी. मैं तुम्हारे हाथ का नहीं खाती थी. इसीलिए नहीं चखती थी.'

बाहेर मुलांनी थाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. मला वाटलं ती रडेल, किंवा काहीतरी बोलेल, आणि ती बोलली असती ते मला ऐकून घ्यायचंच होतं. तिने तिथल्या फळीवरून मिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे सरकवला.

'त अब बताईं. नमक केतना कम हौ?'

मला सांगता येईना. पन्नाशी उलटली, घरात शेफ होता, आईसारखी आई होती, आणि मला किती मीठ हवं ते सांगता येईना. तिने मूठभर घातलं, ढवळलं, मी खाल्लं. अजून कमी. पुन्हा घातलं. तिनेही खाल्लं, त्याच पळीतून हातावर घेऊन. चौथ्या वेळेला आम्ही दोघी एकदम म्हणालो, हां. मग मुलांना वाढलं, आणि तोवर पंधरा मिनिटं उशीर झाला होता. आज बादलीत काय पडलं ते मी उभी राहून बघितलं. फार नव्हतं. उद्याही बघेन.

फूलमती मात्र दिवसभर माझ्याशी परत बोलली नाही. जाताना रोज 'चलत हईं बहिनजी' म्हणते, आज म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे.

रजिस्टरात मी आजच्या तारखेपुढे लिहिलं, 'नमक बहुत कम था, परोसने से पहले ठीक कराया.' त्याच्याखाली लिहिलं, 'इससे पहले के चार साल के हस्ताक्षर मैंने बिना चखे किए हैं.' सही केली, शिक्का मारला. त्या पानाची एक प्रत तुझ्या समितीला पाठवली आहे, तुझ्या फाइलला जोडा आणि ती पुन्हा बैठकीपुढे ठेवा असं पत्र लावून. माझ्यावर काय कारवाई होईल ते माहीत नाही. वहिनींना घरी येऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'हे ते होते तेव्हा सांगायचं होतं.' मग आत गेल्या.

तुझा तो चमचा त्यांनी बाहेर ठेवला होता, मला देण्यासाठी. मी तो घेतलेला नाही. अजून नाही.

मटार सोलताना तू मला एक साधा प्रश्न विचारला होतास आणि उत्तरासाठी दहा महिने थांबलास. नाही, दादा. चाखत नव्हते.